झाकणाची साक्ष : सीलबंद बाटली आणि दुकानदाराची जबाबदारी

पेढीवर बसणाऱ्या मनुष्याच्या हातून दिवसाकाठी कितीतरी बाटल्या जातात. औषधाची, तेलाची, सरबताची, पाण्याची बाटली आपण फळीवरून उचलतो, फडक्याने पुसतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतो. तिच्यावरील नाव आपण वाचतो, किंमत पाहतो, मुदत संपली नाही ना हेही पाहतो. परंतु तिच्या गळ्याशी असलेल्या लहानशा कड्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक त्या बाटलीविषयी आपण जे काही गिऱ्हाइकाला सांगतो, त्यातील निम्मे खरेपण त्या कड्यावर अवलंबून असते. नाव, किंमत आणि मुदत या गोष्टी कारखान्यात छापल्या गेल्या. त्यानंतर आजपर्यंत बाटली कोणी उघडली की नाही, हे मात्र ते कडेच सांगू शकते.

इंग्रजीत ज्यास 'टॅम्पर-एव्हिडंट' म्हणतात, त्या झाकणास आपण या लेखापुरते 'हस्तक्षेपदर्शक झाकण' म्हणू. ही झाकणे कशी काम करतात, कोणती कितपत विश्वसनीय असतात आणि त्यांच्या बाबतीत दुकानदाराचे कर्तव्य काय, याचा थोडक्यात विचार करण्याचे येथे योजिले आहे. आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असे झाकण कुलपाचे काम करीत नाही. ते कोणालाही अडवीत नाही. लहान मूलही ते पिळून उघडू शकते. त्याचे काम साक्ष देण्याचे आहे. एकदा उघडले गेले की ते पुन्हा पूर्ववत् होऊ नये, आणि हा फरक साध्या डोळ्यांना दिसावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

मुद्रेची जुनी परंपरा

ही कल्पना नवीन नाही. अहमदाबाद जिल्ह्यातील लोथल येथे १९५५ ते १९६२ या काळात पुरातत्त्व खात्याच्या वतीने एस. आर. राव यांनी उत्खनन केले. तेथील वखार मानल्या गेलेल्या वास्तूच्या अवशेषांत सिंधू संस्कृतीच्या काळातील मातीच्या अनेक ठशांकित चकत्या सापडल्या. त्यांच्या एका अंगावर मुद्रेचा ठसा आहे आणि दुसऱ्या अंगावर दोरी, चटई, वेत, विणलेले कापड यांच्या खुणा उमटलेल्या आहेत. म्हणजे गाठोडे बांधल्यावर दोरीच्या गाठीवर ओली माती थापावयाची आणि तीवर मालकाची मुद्रा उठवावयाची, अशी ती रीत होती. गाठ सोडली की माती फुटणार, आणि तोच ठसा तीच मुद्रा हाती असल्यावाचून पुन्हा उठविता येणार नाही. आजच्या बाटलीचे कडे याच तत्त्वावर चालते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातीच्या प्रकरणी या विषयाचा जो निवाडा आहे, तो तर आजच्या व्यापाऱ्यानेही मनन करावा असा आहे. ज्या मालावर मुद्राच नाही त्याला देय जकातीच्या दुप्पट दंड, ज्यावर खोटी मुद्रा आहे त्याला जकातीच्या आठपट दंड, आणि ज्याची मुद्रा फुटलेली आहे तो माल वखारीच्या जागी अडकवून ठेवावा, असे तीन भेद तेथे केले आहेत. यातील तारतम्य पाहण्यासारखे आहे. मुद्रा नसणे हा हलगर्जीपणा, खोटी मुद्रा हा ठरवून केलेला अपराध. परंतु मुद्रा फुटणे हा केवळ संशय. संशयास्पद मालाला ताबडतोब चोरीचा म्हणावयाचे नाही आणि पुढेही जाऊ द्यावयाचे नाही. खुलासा होईपर्यंत तो थांबवावयाचा, एवढेच. दुकानात एखाद्या बाटलीचे सील तुटलेले आढळले असता काय करावे, याचे याहून नेमके उत्तर आजही देता येणार नाही.

बूच होते, साक्ष नव्हती

बाटलीच्या बाबतीत मात्र बराच काळ साऱ्यांचे लक्ष आतील द्रव सांडू नये आणि वायू निसटू नये एवढ्यावरच होते. आपल्याकडे आजही आवडीने प्यालेला गोटी सोडा याचे चांगले उदाहरण आहे. इंग्लंडमधील हायरम कॉड याने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसते आणि बोटाने दाबली की खाली पडते. रचना मोठी चतुर. परंतु बाटली पुन्हा भरून गोटी पुन्हा बसविली, तर पहिल्या भरण्यात आणि दुसऱ्यात कोणताही फरक दिसत नाही. ती बाटली पाणी राखते, साक्ष राखीत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये दातेरी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले. मूळच्या झाकणास २४ दाते होते. आज ते सामान्यतः २१ असतात. हे झाकण काढताना पत्रा वाकतो, म्हणून उघडल्याची खूण आपोआपच राहते. तथापि साध्या हातयंत्राने नवे कोरे झाकण बसविता येत असल्यामुळे ही साक्ष अपुरी ठरते. झाकणावर उत्पादकाचे चिन्ह छापलेले असेल आणि तशी छापील झाकणे बाजारात मोकळी मिळत नसतील, तरच तिला काही अर्थ उरतो. येथून एक नियम हाती येतो : खूण अशी असावी की जी मोडणाऱ्यास बाजारातून पुन्हा विकत आणता येणार नाही.

शिकागोचा धडा

या नियमाकडे दुर्लक्ष केल्याने काय घडू शकते, हे १९८२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस जगाने पाहिले. अमेरिकेतील शिकागो शहर व त्याच्या आसपासच्या वस्तीत टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने सात माणसे मृत्यू पावली. कॅप्सूलमध्ये सायनाइड हे जहाल विष आढळले. बाधित बाटल्या वेगवेगळ्या कारखान्यांत भरलेल्या होत्या, पण मृत्यू मात्र एकाच शहराच्या परिसरात झाले; यावरून विष कारखान्यात नव्हे, तर दुकानांच्या फळ्यांवरील बाटल्यांत मिसळले गेले असा निष्कर्ष काढण्यात आला. त्या बाटल्यांना उघडल्याची खूण दाखविणारे काहीच नव्हते. झाकण काढले, विषारी कॅप्सूल टाकल्या, झाकण लावले. इतके ते सोपे होते. विकणाऱ्या दुकानदाराला आणि घेणाऱ्या रोग्याला त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते. हा गुन्हा कोणी केला, याचा न्यायालयीन निर्णय आजतागायत झालेला नाही.

औषध बनविणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातील सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. थोड्याच आठवड्यांनी तेच औषध तिहेरी बंदोबस्तात पुन्हा बाजारात आले : खोक्याच्या पाकळ्या डिंकाने चिकटविलेल्या, बाटलीच्या गळ्याभोवती प्लॅस्टिकचा घट्ट पट्टा आणि तोंडावर पातळ पत्र्याचा पडदा. नोव्हेंबर १९८२ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात खुल्या फळीवरून विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी नियम केले. त्या नियमांतील दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, बंदोबस्ताची खूण सहज मिळणाऱ्या साहित्याने पुन्हा तयार करता येऊ नये, ती रचनेनेच निराळी असावी किंवा तिच्यावर विशिष्ट चिन्ह, नाव अथवा नक्षी असावी. दुसरी ही की, ती खूण कोणती आहे हे वेष्टनावर लिहून खरेदीदारास सांगितले पाहिजे. जी खूण पाहणाऱ्यास ठाऊकच नाही, ती असून नसल्यासारखीच, हे सूत्र यात आहे.

अशा आवरणास तेथे आरंभी 'हस्तक्षेपरोधक' अशा अर्थाचा शब्द वापरीत. पुढे तो बदलून 'हस्तक्षेपदर्शक' अशा अर्थाचा शब्द योजण्यात आला. हा बदल प्रामाणिकपणाचा होता. १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तिहेरी बंदोबस्तातील त्याच औषधाने आणखी एका स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा कंपनीने उघडता येणाऱ्या कॅप्सूलच्या रूपात ते औषध विकणे बंद केले. कोणतेही वेष्टन दुष्ट बुद्धीस सर्वस्वी रोखू शकत नाही, हेच यावरून सिद्ध झाले.

आजची झाकणे आणि त्यांची रचना

आज आपल्या दुकानांत येणाऱ्या बाटल्यांवर मुख्यतः पुढील प्रकारची झाकणे दिसतात.

अ‍ॅल्युमिनियमचे पिल्फर-प्रूफ झाकण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर नेहमी पाहावयास मिळते. हे झाकण कारखान्यात येते तेव्हा त्यास आटे नसतात. ती केवळ एक गुळगुळीत टोपी असते. यंत्र ती टोपी बाटलीवर वरून दाबून धरते आणि फिरत्या चाकांनी तिच्या भिंती काचेच्या आट्यांत दाबते. आणखी चाके तिची खालची कड बाटलीच्या गळ्यावरील उंचवट्याखाली वळवितात. टोपी आणि खालचे कडे यांना जोडणारे अगदी बारीक पूल ठेवलेले असतात. झाकण फिरविले की ते वर सरकते, कडे मात्र उंचवट्याखाली अडकून राहते, आणि पूल तुटतात. आपल्याला ऐकू येणारा 'कट्' असा आवाज त्या तुटण्याचा असतो. आटे त्याच बाटलीवर घडविलेले असल्यामुळे या झाकणाची साक्ष चांगली असते. झाकण ढिले फिरत असेल, कड्याशी पूल तुटलेले असतील किंवा कडे वाकलेले असेल, तर बाटली बाजूला काढावी.

पाण्याच्या व सरबताच्या बाटलीवरील प्लॅस्टिकचे कडे याच तत्त्वावर चालते. कड्याच्या आतील बाजूस दुमडलेली पट्टी किंवा दाते असतात. ते उंचवट्यावरून खाली जातात, पण परत वर येऊ शकत नाहीत. येथेही झाकण आणि कडे यांच्यामधील बारीक पूल शाबूत आहेत की नाही, हे बोट फिरवून पाहता येते.

बाटलीच्या तोंडावरील पत्र्याचा पडदा हा तिसरा प्रकार. झाकणाच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चकती असते व तिच्या खालच्या बाजूस प्लॅस्टिकचा थर असतो. झाकण लावलेली बाटली विजेच्या वेटोळ्याखालून जाते. चुंबकीय क्षेत्र प्लॅस्टिकच्या झाकणातून पार जाऊन केवळ पत्रा तापविते, थर वितळतो आणि पडदा बाटलीच्या ओठास चिकटतो. हा पडदा फाडल्यावाचून आत जाता येत नाही व फाडलेला पुन्हा साधत नाही. साक्षीच्या दृष्टीने हा प्रकार उत्तम; परंतु तो झाकणाखाली दडलेला असल्यामुळे दुकानदारास पाहता येत नाही. त्याचा निवाडा घरी गिऱ्हाइकच करते. म्हणून बाहेरही एक खूण असणे इष्ट होय.

गळ्यावर आवळलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक पट्टा ही बाहेरची खूण म्हणून वापरतात. उष्णता दिली की तो आकसतो. तो साधा, कोरा असेल तर मात्र त्याची साक्ष फारच दुबळी. कारण तसा पट्टा आणि तो आकसविणारी गरम हवा या दोन्ही गोष्टी कोणासही सहज मिळतात. त्यावर उत्पादकाचे नाव छापलेले असेल तर तो बराच बरा.

मुरंबा, लोणचे यांच्या रुंद तोंडाच्या बाटलीवरील पत्र्याच्या झाकणाच्या मध्यभागी एक फुगीर बिंदू असतो. गरम पदार्थ भरून झाकण लावल्यावर आतील वाफ थंड होते, पोकळी निर्माण होते व बिंदू आत ओढला जातो. उघडताच तो टचकन वर येतो. न उघडलेल्या बाटलीचा बिंदू वर आलेला असेल व दाबल्यास टिकटिकत असेल, तर एकतर ती उघडली गेली आहे, अथवा गळती लागून किंवा आत आंबून तिची पोकळी नाहीशी झाली आहे. दोन्ही प्रकारांत ती विकण्यास अयोग्यच.

इंजेक्शनच्या कुपीवर रबरी बुचाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आवळलेली असते व तिच्यावर प्लॅस्टिकची टिकली असते. टिकली एकदा उडविली की परत बसत नाही. टिकली नसलेली कुपी फळीवर ठेवणे हा अक्षम्य अपराध समजावा.

साक्ष खोटी कशी ठरते

झाकण कितीही चांगले असले तरी त्याची साक्ष दोन मार्गांनी बिघडते. पहिला मार्ग रिकाम्या बाटलीचा. नामांकित मालाची रिकामी बाटली, तिचे लेबल व झाकण यांसह धड अवस्थेत भंगारात गेली, की बनावट माल करणाऱ्यास अर्धे भांडवल फुकट मिळते. पाण्याच्या बाटलीवर वापरानंतर ती चिरडण्याची जी सूचना छापलेली असते, तिचे कारण हेच. औषधाची रिकामी बाटली टाकताना लेबल फाडून टाकावे, हा साधा नियम आपण गिऱ्हाइकांसही सांगावा.

दुसरा मार्ग आपल्या स्वतःच्या दुकानातून जातो, आणि त्याविषयी मला आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेळगावात वडिलांची पेढी होती. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणे. एका उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने कोकम सरबताची बाटली 'नको' म्हणून परत केली. गळ्यावरचा पट्टा कोपऱ्यास फाटलेला होता. दुकानातील मुलाने, मालाचे नुकसान नको या सद्हेतूने, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी फिरविली आणि बाटली फळीवर ठेवली. चार दिवसांनी आमचे जुने गिऱ्हाईक असलेले एक शिक्षक ती घेऊन गेले. संध्याकाळी ते परत आले. झाकणाखालचा पडदा अर्धा सोललेला होता. बहुधा पहिल्या घरातील एखाद्या मुलाचा तो उद्योग असावा. कोणास काही अपाय झाला नाही. वडिलांनी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "अण्णा, आत काय होते ते मला ठाऊक नाही. पण ते तुम्हालाही ठाऊक नव्हते, हे आज मला समजले." त्यानंतर ते पूर्वीसारखे येत राहिले, परंतु प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहू लागले. वडिलांना ते पैशांच्या नुकसानीपेक्षा अधिक लागले.

त्या मुलाने चोरी केली नव्हती, भेसळ केली नव्हती. त्याने फक्त साक्षीदाराचे तोंड बंद केले होते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या शास्त्रांनी 'प्रतिरूपक व्यवहार' गणला आहे. खऱ्यासारखे दिसणारे खऱ्याच्या भावाने खपविणे असा त्याचा आशय आहे. चिकटपट्टी लावलेली बाटली त्यात मोडते की नाही, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

कायदा काय म्हणतो

दुकानदाराच्या हिताच्या दृष्टीनेही हा विषय क्षुल्लक नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील १९ व्या कलमात विक्रेत्यास एक महत्त्वाचा बचाव दिलेला आहे. त्यासाठी त्याने तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : माल परवानाधारक उत्पादकाकडून अथवा विक्रेत्याकडून घेतला, तो सदोष असल्याचे त्यास ठाऊक नव्हते व योग्य दक्षता घेऊनही कळणे शक्य नव्हते, आणि माल त्याच्या ताब्यात असताना नीट ठेवला होता व घेतला त्याच स्थितीत राहिला. पहिल्या गोष्टीस पावती लागते. तिसऱ्या गोष्टीस न मोडलेल्या झाकणासारखा दुसरा साक्षीदार नाही. म्हणजे जो दुकानदार मोडके सील चिकटवितो, तो स्वतःच्या बचावाचा पुरावाच नष्ट करतो.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने जलोदराची साथ उद्भवली आणि सुमारे ६० माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बांधीव स्वरूपातच विकावे असा आदेश काढला. सुट्या तेलाची जबाबदारी विकणाऱ्याच्या शब्दावर होती; बांधीव तेलाची सीलवर आली. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर संकेतचिन्ह छापणे बंधनकारक झाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ते चिन्ह औषध कोणाचे व कोणत्या घाण्यातील हे सांगते; बाटली उघडली गेली का, हे सांगत नाही. युरोपीय संघाने ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर संकेतचिन्ह आणि हस्तक्षेपदर्शक खूण या दोन्ही गोष्टी सामान्यतः आवश्यक केल्या, त्याचे कारण हेच.

पेढीवर पाळावयाचे नियम

१. माल उतरवून घेतानाच प्रत्येक खोक्यातील काही बाटल्यांची कडी बोटाने तपासावीत. घाईच्या दिवसांत तर अवश्य.

२. सील तुटलेली बाटली स्वस्तात विकू नये, नोकरास घरी देऊ नये व चिकटपट्टीने जोडू नये. तिच्यासाठी निराळा खण असावा.

३. त्या खणातील प्रत्येक बाटलीचा घाणा क्रमांक, तारीख व पुरवठादार वहीत लिहून ती परत पाठवावी. एकाच घाण्याच्या अनेक बाटल्या तशा निघाल्यास उत्पादकास लेखी कळवावे.

४. गिऱ्हाइकाने परत केलेली बाटली, ती कितीही कोरी दिसो, पुन्हा फळीवर ठेवू नये.

५. बाटली देताना गिऱ्हाइकास सील दाखवावे. 'सील पाहून घ्या' एवढे तीन शब्द पुरेत.

यांतील शेवटचा नियम सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाचा आहे. अनेकांस वाटते की असे म्हटल्याने गिऱ्हाइकाच्या मनात संशय येईल. अनुभव उलट आहे. जो स्वतः होऊन तपासणीस बोलावतो, त्याच्यावर माणसे विश्वास ठेवतात. त्या शिक्षकांना आम्ही पुढे प्रत्येक बाटली अशीच दाखवून देत असू. दोन-तीन वर्षांनी एके दिवशी वडिलांनी बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी ती उजेडात न धरताच पिशवीत टाकली. त्या दिवशी दुकान बंद करताना वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुलाला म्हणाले, "उद्यापासूनही दाखवायचीच."